आठवड्याला एक मिनिट

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला, 'वर्गाबाहेरचं शिक्षण'. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आली ती खान्देशातल्या लग्नांत गिम्बल धरून नवरदेवाच्या घोड्यापुढे उलट्या पावली धावणारी पोरं. रात्री हळदीचं शूटिंग, सकाळी वऱ्हाड उठायच्या आत रील तयार. ही विद्या कुणी दिली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'यूट्यूबवर बघून शिकलो.' ते अर्धं खरं आहे. बघून युक्ती कळते, हात करून करून बसतो. पण आपणच केलेलं काम पुन्हा शांतपणे बघायचं, त्यात काय फसलं ते ओळखायचं, हे कुणी शिकवतं का? ते शोधत जळगाव आणि धुळे गाठलं.

जळगावच्या एका कॉलेजात शनिवारी दुपारी हा तास भरतो. खोली पहिल्या मजल्यावर. खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून जुने फ्लेक्स उलटे करून लावले आहेत आणि ऊन आलं की त्यामागून कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा उलट्या वाचता येतात. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत. घरचा फोटो स्टुडिओ होता. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर तो बसला, मग हे काम. कॉलेजचं नाव छापू नका, ही अट त्यांनीच घातली. 'पोरांचं काम कच्चं आहे. तेवढं तरी कच्चं राहू द्या.'

त्या आठवड्याचा गृहपाठ फळ्यावर होता. एक मिनिट. एकच शॉट. कट नाही, गाणं नाही, निवेदन नाही.

पडद्यावर रावेरकडची केळीची बाग आली. कापणी चाललेली. एक जण घड तोडतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो आणि बांधाकडे चालू लागतो. मागे आभाळ पांढरंफटक, माणसं काळी ठिक्कर. मोबाइलच्या माइकात वारा घोंगावतोय. चाळीस सेकंद असंच. मग घड नेणारा माणूस पानांखालून वाकतो, खांदा बदलतो आणि क्षणभर मान एका बाजूला टाकून थांबतो. खोलीतल्या दोघा-तिघांनी नकळत आपली मान हलवली.

वर्गाचा एक नियम आहे. ज्याचा व्हिडिओ त्यानं गप्प बसायचं. बाकीच्यांनी काय दिसलं आणि काय ऐकू आलं एवढंच सांगायचं. छान झालं, मस्त झालं, असं म्हणायला बंदी. एका मुलीनं सांगितलं, घड दिसला, माणूस कोण ते कळलं नाही. दुसरा म्हणाला, वारा ऐकला, विळा ऐकला नाही. मागच्या बाकावरून अहिराणीत शेरा आला, 'खांदा बदलना, इतलंच दखाडतं तरी चालतं.' मग त्या मुलानं वही उघडली आणि खाली मान घालून लिहिलं. नंतर त्याच्या परवानगीनं मी ते वाचलं. सूर्य काकांच्या मागे होता, मला ऊन लागत होतं म्हणून मी सावलीतली जागा घेतली, पुढच्या वेळी काकांच्या मागून चालणार. तीन ओळी. व्याकरणाच्या दोन चुका. पण पुढच्या शनिवारी तो खरंच मागून चालला होता, आणि त्या व्हिडिओत काकांची मान, घाम आणि गमछा सगळं दिसत होतं.

फाळक्यांचा वाटाणा

छोट्या कामावर हात बसवण्याची ही रीत मराठी माणसाला नवी वाटू नये. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ मध्ये मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला आणि ते झपाटले. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले, तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चाललेलं काम बघितलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परतले. आपण ही गोष्ट सांगताना इथून थेट ३ मे १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'वर उडी मारतो. मधला वाटाणा गाळतो.

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत दिवसागणिक थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' ही ती चिमुकली फिल्म. ती दाखवून भांडवल देणारा माणूस राजी झाला, म्हणून तिचा उल्लेख होतो. मला मात्र ती गृहपाठ म्हणून जास्त मोलाची वाटते. विषय पळत नाही, कंटाळत नाही, पैसे मागत नाही. झुंजायचं ते फक्त उजेडाशी, अंतराशी आणि वेळेशी. चुकलं तर उद्या पुन्हा तीच कुंडी.

जळगावच्या सरांनी हा धडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे. एकच जागा, एकच वेळ, सात दिवस, रोज पाच सेकंद. कुणी मेहरूण तलावाचा काठ धरला, कुणी गोलाणी मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यासमोर उभं राहिलं, एकीनं आजीची बाज धरली. सातही तुकडे जोडले की पस्तीस सेकंद होतात. मोबाइल रोज त्याच जागी ठेवायचा हे ऐकायला सोपं वाटतं, पण तिसऱ्या दिवशीच त्यातली मेख कळते. मुलांनी मग फरशीवर खडूच्या खुणा केल्या, भिंतीवर चिकटपट्टी लावली. आजीची बाज टिपणारीला वेगळाच प्रश्न पडला. आजी रोज थोडी सरकत होती, कारण नातीला नीट दिसावं असं तिला वाटत होतं. पाचव्या दिवशी तर ती नवं लुगडं नेसून बसली. कॅमेरा ठेवला की समोरचं माणूस बदलतं, हे पुस्तकात पानभर लिहिलेलं असतं. इथे ते आजीनं शिकवलं.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही, म्हणजे प्रभातच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, विद्यार्थी थेट पदविका चित्रपटाला हात घालत नाहीत. आधी कंटिन्युइटीचा सराव, मग संवादाचा सराव, अशा पायऱ्या असतात. फरक एवढाच, की तिथे प्रवेश मिळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि इथे आठ-दहा हजारांचा फोन हीच इन्स्टिट्यूट.

आग्रा रोडवरची शाळा

खान्देशात व्हिडिओ करायला शिकणं म्हटलं की मालेगावला वळसा घालून जाता येत नाही. जिल्हा नाशिकचा, पण धुळ्याहून आग्रा रोडनं मुंबईकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. रोज सिनेमे दाखवता दाखवता कुठल्या शॉटनंतर कुठला येतो याचं गणित त्यांच्या डोक्यात बसलं. २००० मध्ये त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पैसे मित्रांनी जमवलेले, नट ओळखीपाळखीचे, संकलन व्हीसीआरवर. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'च्या वेळी फैजा अहमद खान यांनी त्या सगळ्या खटाटोपावर माहितीपट केला, आणि अलीकडे रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरांत लागला. माहितीपटात सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन बघताना हसू येतं. मग लक्षात येतं, की कॅमेरा का हलवायचा हे ज्याला नेमकं ठाऊक असतं त्यालाच बैलगाडी सुचते.

त्या मातीतून पुढे यूट्यूबवरची खान्देशी विनोदी व्हिडिओंची लाट उसळली. 'छोटू दादा' म्हणून देशभर ओळखला जाणारा शफीक नाट्या आणि 'खान्देशी मूव्हीज'सारखे चॅनल हे तिचे ठळक चेहरे. भाषा खान्देशी वळणाची हिंदी, कथा दोन ओळींची, जागा गावाबाहेरचा रस्ता, टपरी, शेत. एकेका व्हिडिओला कोट्यवधी प्रेक्षक. दुसऱ्या बाजूला अहिराणी गाण्यांचा बाजार. 'हाई झुमका वाली पोर'नंतर तर अहिराणी गाणं पुण्या-मुंबईच्या वरातीतही वाजायला लागलं.

या मंडळींना गृहपाठ कुणी दिला नाही. प्रेक्षकानं दिला. चाललं ते पुन्हा केलं, पडलं ते सोडलं. या पद्धतीची ताकद मोठी आहे आणि तिला कमी लेखणाऱ्या प्राध्यापकी नाकांचा मला राग येतो. पण तिची एक अडचणही आहे. प्रेक्षक काय चाललं ते सांगतो, का चाललं ते सांगत नाही. मग जे चाललं त्याचीच दहा रूपं निघत राहतात. जळगावच्या वर्गातल्या एका मुलाचं स्वतःचं विनोदी चॅनल आहे, चांगले हजारो सदस्य आहेत. तो या तासाला का येतो, असं विचारलं. त्यानं सांगितलं, की त्याचा एक व्हिडिओ तुफान चालला आणि तेव्हापासून तो तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा काढतोय. आता दुसरं काय करायचं ते सुचेनासं झालंय.

वहीत काय लिहायचं

वर्गातला सगळ्यात नावडता भाग म्हणजे वही. व्हिडिओ करायला सगळे तयार, लिहायला कुणी नाही. सुरुवातीच्या वह्या चाळल्या तर पानोपान एकच वाक्य, 'या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले.' शाळेत निबंध, कॉलेजात प्रकल्प अहवाल, सगळीकडे हेच वाक्य मुलांनी लिहिलेलं, आणि त्याला नेहमी गुण मिळालेले. सरांनी ते वाक्य लिहिणाऱ्याचा एक गुण कापायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत वाक्य नाहीसं झालं. त्याच्या जागी कोरी पानं आली.

मग त्यांनी प्रश्न बदलले. काय शिकलात, हे विचारणं बंद केलं. त्याऐवजी, कुठल्या सेकंदाला तुम्हाला स्वतःचीच लाज वाटली? समोरच्यानं कॅमेऱ्याकडे कितीदा पाहिलं? काय काढायचं होतं आणि काय निघालं? तरीही काही मुलांचा हात चालेना. त्यांना सरांनी लिहिण्याऐवजी व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायला सांगितलं, घरी जसं बोलता तसं. तेव्हा गाडं हललं. प्रमाण मराठीत जी मुलगी दोन ओळींवर अडायची, तिनं अहिराणीत चार मिनिटांचा निरोप पाठवला. बाजारात म्हातारीची मुलाखत घ्यायला गेली होती. पहिलाच प्रश्न 'तुम्हाला कसं वाटतं' असा टीव्हीवाल्यांसारखा विचारला आणि म्हातारी गप्पच झाली. मग फोन खाली ठेवून तिनं भरताची वांगी कशी निवडायची ते विचारलं, तर बाई थांबेचनात. फोन तेव्हा बंद होता. हे सगळं तिनं हसत सांगितलंय, मधे कुकरची शिट्टी.

डोनाल्ड शॉन या अमेरिकी विचारवंताचं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. वास्तुविशारद, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ अशी माणसं काम करता करता आणि केल्यानंतर कसा विचार करतात, त्याचा त्यात शोध आहे. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत ते हल्ली हमखास असतं. पण खान्देशाला याहून जवळचा दाखला आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृह त्यांच्याकडे होतं आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक म्हणजे खरोखर रोजचं. वाचक म्हणजे आपल्याच वसतिगृहातली मुलं. छापखाना नाही, खप नाही, तरी रोज लिहायचं.

वाचक ओळखीचा आणि मोजका असण्याचा फायदा जळगावच्या सरांनी हेरला आहे. गृहपाठाचे व्हिडिओ यूट्यूबवर चढतात, पण अनलिस्टेड. दुवा फक्त वर्गाच्या ग्रुपवर. बाहेर दाखवायचाच असेल तर सत्र संपल्यावर, आणि तोही व्हिडिओत दिसणाऱ्या माणसाला आधी दाखवून. ही शेवटची अट कॅनडातून फिरत आलेली आहे. १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर कॉलिन लो यांनी कोळ्यांचं म्हणणं चित्रित केलं आणि आधी त्यांनाच दाखवलं. काय ठेवायचं, काय काढायचं, यात त्यांचा शब्द राहिला. लोकांच्या हाती कॅमेरा देणाऱ्या जगभरच्या चळवळी या बेटाचं नाव घेतात. केळीवाल्या काकांनी पुतण्याचा व्हिडिओ बघून एकच हरकत घेतली. पायात चप्पल नाही ते दिसतंय, ते काढ. पुतण्या म्हणाला, काढता येत नाही, एकच शॉट आहे. शेवटी तो व्हिडिओ वर्गापुरताच राहिला.

ऊन, वारा आणि गोधडी

तंत्राची पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात, याची खात्री एप्रिलमध्ये जळगावला आल्यावर पटते. भुसावळ-जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी फोन उन्हात धरला की काही मिनिटांत पडद्यावर तापल्याची सूचना येते आणि कॅमेरा आपणहून बंद पडतो. मुलांनी यावर तोडगे काढलेत. फोनचं कव्हर काढायचं, ब्राइटनेस कमी करायचा, दोन शॉटच्या मधे फोन ओल्या रुमालाशेजारी ठेवायचा, पण रुमालात गुंडाळायचा नाही. एका बहाद्दरानं तो फ्रीजमध्ये ठेवला होता. आत बाष्प धरलं आणि लेन्स आठवडाभर धुरकट राहिली.

उजेडाचंही तेच. दुपारी बाराच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. म्हणून शेतातलं चित्रण सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. पण शेतमजुरांचं काम उन्हाच्या वेळापत्रकानं नाही, गाडी भरायच्या वेळापत्रकानं चालतं. मग सावलीतला उजेड शोधायचा. ओसरी, गोठ्याचं दार, झाडाखालची पांढरी भिंत. पंचतारांकित रिफ्लेक्टरऐवजी खताची पांढरी गोणी.

आवाज हा मात्र खरा कर्दनकाळ. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक माफ करतो, आवाज फाटला की लगेच निघून जातो. कॉलरला लावायचे माइक आता चारशे-पाचशे रुपयांत मिळतात, पण त्यांनाही वारा झेपत नाही. मुली त्यावर लोकरीचा गोंडा शिवतात. घरात निवेदन करायचं तर पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. त्यावर सगळ्यात चांगला उपाय गोधडी. डोक्यावरून गोधडी घ्यायची, आत फोन आणि कागद, वरून पंखा बंद. मे महिन्यात दोन मिनिटांचं निवेदन गोधडीत बसून करणाऱ्या मुलीच्या चिकाटीला मी तरी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच शॉटचा गृहपाठ येतो. एखादं काम घ्यायचं आणि ते पाच शॉटमध्ये सांगायचं. हात काय करताहेत, चेहरा, सगळी जागा, करणाऱ्याच्या खांद्यावरून, आणि पाचवा आपल्याला सुचेल तसा. मायकेल रोझेनब्लम या अमेरिकी पत्रकारानं टीव्हीवाल्यांना शिकवताना रुळवलेली ही रीत. खान्देशात तिला विषय जागोजागी मिळतात. वांग्याचं भरीत करण्यासाठी तुऱ्हाट्यांवर वांगी भाजणं, कळण्याची भाकरी थापणं, सोनगीरला तांब्याच्या भांड्याला ठोके घालणं. गंमत अशी, की भरिताचा व्हिडिओ सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यांचा फसतो. धूर लेन्सवर येतो, वांगं आतून कधी शिजलं ते बाहेरून दिसत नाही, आणि घरातली बाई 'हो बाजूला' म्हणते ते ऐकू येतं. शेवटचं तसंच ठेवावं, असं माझं मत. सरांचंही.

देवपुरातले मास्तर

जळगावहून एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर आलं की धुळे. इथे विद्यार्थी वेगळे, कारण ते स्वतःच शिक्षक आहेत. देवपुरात कुणाच्या तरी घरी महिन्यातून एकदा जिल्हा परिषद शाळांतले आठ-दहा शिक्षक जमतात. संघटना नाही, नाव नाही.

धुळ्याच्या शाळांत पडदे आधी आले. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक यांनी गेल्या दशकात गावोगाव प्रेरणा सभा घेतल्या. काही वाटा त्यांनी उचलला, बाकीची वर्गणी गावकऱ्यांनी काढली आणि जिल्ह्यातल्या अकराशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, 'दीक्षा'वर व्हिडिओ आले. मग २०२० चा मार्च आला. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या अभ्यासमालेचे दुवे रोज फोनवर येऊ लागले, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. या काळात गल्लोगल्लीचे शिक्षक स्वतः व्हिडिओ करायला लागले, कारण साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या किंवा शिरपूरच्या सातपुड्याकडच्या मुलाच्या घरची बोली वरून आलेल्या व्हिडिओत नव्हती.

एका बाईंनी तेव्हाचे आपले व्हिडिओ लावून दाखवले. सुरुवातीला फिरणारं बोधचिन्ह, मग शाळेचं नाव, मग त्यांचं नाव आणि पदव्या, मग 'नमस्कार विद्यार्थी मित्रहो', मग आजच्या घटकाची प्रस्तावना. भागाकार सुरू व्हायला सव्वा मिनिट. सगळे हसले, बाईही हसल्या. गटाचा पहिला गृहपाठ यातूनच निघाला. पहिल्या दहा सेकंदांत मुलाला काहीतरी करायला लावा, नाव शेवटी सांगा. मास्तर लोकांना हे जड गेलं. वर्गात शिरल्यावर आधी हजेरी घेण्याची सवय बोटांत भिनलेली.

बाईंची स्वतःला तपासायची रीत मला सगळ्यात आवडली. व्हिडिओ वर्गात लावायचा आणि पडद्याकडे न बघता मुलांकडे बघायचं. मूठभर शेंगदाणे चौघांत वाटण्याचा नवा व्हिडिओ त्यांनी तिसरीच्या वर्गात लावला. शेंगदाणे मोजेपर्यंत सगळी पोरं पडद्याला चिकटलेली. बाई फळ्यावर मांडणी समजावू लागल्या तशी एकेक नजर खिडकीकडे वळली. बाहेर बकरी होती. त्यांनी वहीत सेकंद लिहून ठेवले आणि घरी जाऊन फळ्याचा भाग काढून टाकला. मांडणी मुलांकडूनच जमिनीवर खडूनं करून घेतली आणि ती चित्रित केली. बकरीशी स्पर्धा करता येत नाही, असं त्यांचं मत झालंय.

घसरणारा आलेख

यूट्यूब प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख देतं. प्रेक्षक कुठल्या सेकंदाला सोडून गेले ते त्यात उतरत्या रेषेनं दिसतं. बाईंनी खिडकीकडे वळलेल्या नजरा मोजल्या, तेच काम हा आलेख लाखो अनोळखी माणसांसाठी करतो. फरक असा, की बाईंना बकरीही दिसली होती.

जळगावच्या विनोदी चॅनलवाल्या मुलानं आपले आलेख वर्गाला दाखवले तेव्हा खोलीत खरी शांतता पसरली. एका व्हिडिओत चौथ्या सेकंदाला रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली. का? त्याला वाटत होतं, विनोद पडला. वर्गानं तो व्हिडिओ तीनदा बघितला. एकीच्या लक्षात आलं, की चौथ्या सेकंदाला बाईकचा हॉर्न इतका कर्कश आहे की तिनं स्वतः कानावर हात नेला होता. त्यानं हॉर्न काढून पुन्हा चढवला की नाही, ते मी विचारलं नाही.

पैशांचा विषय टाळता येत नाही, आणि सर टाळतही नाहीत. जाहिरातींतला वाटा मिळवायचा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, हे वर्गातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आठवड्याला एक मिनिटाच्या हिशोबानं तिथवर पोहोचायला जन्म जाईल, हेही त्यांना कळतं. शिवाय खान्देशानं २९ जून २०२० ची रात्र पाहिली आहे. टिकटॉकवर बंदी आली आणि साक्री-शिंदखेड्याच्या खेड्यांतल्या ज्यांनी तिथे चाहते जमवले होते त्यांचं सगळं एका झटक्यात पुसलं गेलं. दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे, हे या भागाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे बरीच मुलं लग्नाचं शूटिंग, सराफाची जाहिरात, कृषी केंद्राचे व्हिडिओ अशी रोख कामं धरतात. वर्गातून लग्नाच्या कामावर गेलेल्या एकाला मालकानं शिव्या घातल्या म्हणे, कारण तो नवरीच्या आईचे हात टिपत बसला आणि स्टेजवरचे पाहुणे राहिले.

मुलींची गणितं निराळी. बऱ्याच जणींना घरून बजावलेलं आहे, तोंड दिसता कामा नये. पहिल्यांदा मला हे खटकलं. पण त्यांनी त्या अटीच्या आत राहून जे केलंय ते बघण्यासारखं आहे. हात, आवाज, सावल्या, पाठमोरी माणसं. वर्गातले सगळ्यात नेमके आवाज मुलींच्या कामात आहेत, कारण चेहऱ्यावर भागवता येत नाही. एका मुलीकडे स्वतःचा फोनच नाही. वडील शेतावरून आल्यावर रात्री आठ ते नऊ त्यांचा फोन मिळतो, त्यामुळे तिचे सगळे व्हिडिओ रात्रीचे आहेत. चूल, कंदील, ट्रॅक्टरचे दिवे, पंपाची वीज आल्यावर उजळणारा बांध. सर तिला दिवसाचं काहीतरी कर म्हणत होते. आता म्हणत नाहीत.

गुण कुणाला द्यायचे

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला कौशल्याचे विषय आले. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात तीस तास, असं कागदावर असतं. परीक्षक येतात, पेन ड्राइव्ह मागतात, शेवटचा व्हिडिओ बघतात आणि गुण देतात. सरांचं म्हणणं, निम्मे गुण पहिल्या आणि शेवटच्या व्हिडिओतल्या अंतराला द्यावेत, म्हणजे वही वाचावी लागेल. वही वाचायला परीक्षकाला वेळ नसतो. यावर तोडगा अजून निघालेला नाही. माझ्या मते निघेल असंही दिसत नाही, कारण अंतर मोजायचं तर पहिला व्हिडिओ मुद्दाम वाईट काढणारे महाभाग पैदा होतील.

एक गोष्ट मात्र दोन्ही गावांनी मिळून सुरू केली आहे. अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात २०१० पासून 'डीएस १०६' नावाचा डिजिटल कथनाचा अभ्यासक्रम चालत आलाय. त्यात गृहपाठांची एक पेढी आहे. कुणीही नवा गृहपाठ सुचवायचा, कुणीही तो करायचा. सरांनी ती कल्पना धुळ्याच्या मास्तरांना सांगितली आणि आता दोन्ही गट एकमेकांना गृहपाठ घालतात. जळगावच्या पोरांनी मास्तरांना दिलेला पहिला गृहपाठ असा, की एक मिनिट वर्गात बोलायचं नाही आणि तेव्हा काय होतं ते टिपायचं. दोघांनी तो सपशेल नाकारला.

धुळ्याहून उलट आलेला गृहपाठ मी तिथे होतो तेव्हा फळ्यावर लिहिला गेला. घरातल्या अशा माणसाचं काम एक मिनिट दाखवा, ज्याचा व्हिडिओ आजवर कुणी काढलेला नाही. ते माणूस कॅमेरा बंद कर म्हणालं, तर बंद करा आणि का म्हणालं ते लिहा. त्याखाली सरांच्या अक्षरात मुदत होती, शुक्रवार रात्री आठ. वर्गात गलका झाला. बांधावर रात्रीची वीज असलेल्यांना ती शनिवार सकाळ दहापर्यंत वाढवून मिळाली.